मॉर्फिन, बातम्यांतले आकडे आणि आईच्या गोळ्या

प्रश्न : माझ्या आईचा (वय 68) स्तनाचा कर्करोग हाडांपर्यंत पसरला असून महिनाभरापासून तिला दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी सुरू आहे. अमेरिकेत अशा वेदनाशामकांच्या दुष्परिणामांच्या नोंदी वर्षानुवर्षे वाढत गेल्याचे वाचल्यापासून माझा भाऊ गोळ्या बंद करण्याचा आग्रह धरतो आहे. आम्ही काय करावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : गोळ्या परस्पर बंद करू नका. महिनाभर घेतलेले मॉर्फिन एकदम थांबवले तर वेदना उसळतील, शिवाय घाम, जुलाब आणि जिवाची तगमग हेही सुरू होईल.

आता त्या नोंदींविषयी. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेकडे डॉक्टर, रुग्ण, औषध कंपन्या असे कोणीही दुष्परिणाम कळवू शकते. तो त्या औषधामुळेच झाला हे सिद्ध करावे लागत नाही, एकच घटना दोघांकडून दोनदा येऊ शकते, आणि मुख्य म्हणजे ते औषध एकूण किती जणांनी घेतले हे त्या नोंदींतून कळत नाही. त्यामुळे खप वाढला, वर्तमानपत्रांत चर्चा झाली किंवा खटले उभे राहिले, तरी नोंदी वाढतात. नशेसाठी केलेला गैरवापरही त्यांतच मोजला जातो. तिथे 1996 पासून ऑक्सिकोडोन या मॉर्फिनसारख्याच वेदनाशामकाच्या दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्यांचा कर्करोग नसलेल्या दुखण्यांसाठीही जोरदार प्रचार झाला, आणि व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा संबंधित कंपनीने 2007 मध्ये न्यायालयात कबूल केला. अशा औषधांमुळे तिथे अलीकडे होणाऱ्या मृत्यूंमागे मात्र प्रामुख्याने बेकायदा बनवलेले फेंटानिल हे त्याच गटातले अतितीव्र औषध आहे. तुमच्या आईला डॉक्टरांनी मोजून दिलेली मात्रा या पंक्तीत बसत नाही.

तरीही या नोंदी निरुपयोगी ठरत नाहीत. कोडीन या त्याच गटातल्या वेदनाशामकाचेच पाहा. यकृत कोडीनचे रूपांतर मॉर्फिनमध्ये करते, पण काहींच्या शरीरात ते जन्मतःच फार वेगाने होते. त्यामुळे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर कोडीनची नेहमीची मात्रा दिलेली काही मुले श्वास मंदावून दगावली. 1969 ते 2015 या काळातल्या नोंदी चाळल्यावर एफडीएला मुलांमध्ये श्वासाच्या गंभीर त्रासाच्या 64 घटना आणि त्यांपैकी 24 मृत्यू आढळले. एवढ्या वर्षांत अवघ्या 64 घटना, पण सगळ्यांचा रोख एकाच धोक्याकडे होता. म्हणून 2017 मध्ये 12 वर्षांखालील मुलांना कोडीन आणि त्याच गटातले ट्रॅमाडॉल देऊ नये असे तिथे ठरले. संख्या चढली की उतरली यापेक्षा कोणाला, कशासोबत आणि काय झाले हे पाहणे मला म्हणूनच अधिक मोलाचे वाटते.

आईच्या बाबतीत बद्धकोष्ठ धरूनच चाला. मळमळ बहुधा काही दिवसांत ओसरते, पण बद्धकोष्ठ सवयीने जात नाही. पोट साफ होण्याचे औषध मॉर्फिनबरोबर पहिल्या दिवसापासून हवे असते आणि ते दिलेले नसल्यास आजच विचारा. खरी भीती श्वास मंदावण्याची आहे. घरात झोपेसाठी अल्प्राझोलॅमची पट्टी असेल, तर ती डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आईला देऊ नका, कारण अशा औषधांची आणि ओपिऑइडची (म्हणजे मॉर्फिनच्या गटातल्या औषधांची) जोडी जिवावर बेतू शकते. एफडीएने 2016 मध्ये यासाठी सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आईचे मूत्रपिंड नीट काम करत नसेल तरीही मॉर्फिन अंगात साठत जाते. हाका मारूनही ती नीट जागी होत नसेल, श्वास संथ आणि घरघरता असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा.

आपल्याकडे दुष्परिणाम कळवण्याची राष्ट्रीय योजना 2010 पासून आहे आणि तिचे केंद्र गाझियाबादला आहे. पण कळवणारे फार थोडे, त्यामुळे इथल्या कमी नोंदींवरून औषध निर्धोक आहे असेही समजू नये. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो, आणि 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर सांगता येते. कळवताना औषधाचे नाव, मात्रा, सोबतची इतर औषधे आणि त्रास केव्हा सुरू झाला एवढे हाताशी ठेवा.