वाचक विचारतात: गिरण्यांचं सोलापूर एका दिवसात बघून होईल का?

प्रश्न: माझे आजोबा सोलापूरच्या जुन्या गिरणीत साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, आई तिथल्याच चाळीत वाढली. ती सांगते की भोंगा झाला की घरोघर घड्याळं लावायचे आणि सुट्टीला आजोबा सायकलवर माळावर जायचे. दिवाळीत मुलाला घेऊन येतेय, हातात एकच दिवस आहे. गिरण्या तर बंद झाल्या, मग त्याला दाखवू काय? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर: ताई, या की, आणि जमलं तर आईंना पण घेऊन या, कारण निम्मं सोलापूर आता पत्त्यांमध्येच शिल्लक आहे आणि ते त्यांना जास्त कळेल. रिक्षावाल्याला नुसतं जुनी मिल कंपाउंड म्हणा, तो बरोबर नेतो, गिरणी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली तरी. ती मोरारजी गोकुळदासांची, सोलापुरातली पहिली, 1877 च्या सुमारास सुरू झाली, आणि त्यांच्याच नावाची ही मुरारजी पेठ. मुलाला हे आधी सांगा, मग पाट्या वाचत तो स्वतःच शोधायला लागेल. पुढं 1898 ला नरसिंग गिरजी आली, मग विष्णू, लक्ष्मी, जाम. यातली जाम म्हणजे नवानगरचे जामसाहेब, क्रिकेटवाले रणजितसिंहजी, त्यांच्या नावाची.

गिरण्या इथंच का आल्या असं पोरगं विचारेलच. 1860 ला रेल्वे सोलापूरपर्यंत आली, आसपास कापूस होता, हातमागावर बसणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या होतेच, आणि दुष्काळ पडला की खेड्यातली माणसं कामाला शहराकडं यायची. म्हणून दिवसाची सुरुवात स्टेशनपासून करा असं मी म्हणेन, तिथून गिरण्यांच्या भागाकडं चालत गेलात तर सगळं आपोआप जुळतं.

कुठल्याही जुन्या गिरणीची शेड बाहेरून दिसली तर छप्पर नीट बघा, करवतीच्या दातांसारखं असतं. काचा एकाच बाजूला, उत्तरेकडं, म्हणजे उजेड येतो पण ऊन थेट आत येत नाही. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, आणि सोलापूरची हवा म्हणजे काय सांगायचं, म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा ठेवायचे. माझे वडील पण साळखात्यातलेच. मागांच्या आवाजात शब्द ऐकू येत नाहीत, माणसं ओठ बघून बोलायची, आणि तीच सवय घरी, वडील जेवताना सुद्धा आमच्या डोळ्यात नाही, ओठांकडं बघायचे आणि स्वतः एवढ्या मोठ्यानं बोलायचे की शेजारच्यांना वाटायचं भांडण चाललंय. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारी नळी, त्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढून घ्यायचे, दिवसातून कितीदा तरी, कापसाचे तंतू पोटात जायचे. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण हल्ली गिरणी म्हटलं की लोक चिमणीचा फोटो टाकतात आणि आतल्या माणसाचं कुणी बोलत नाही, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. आईंना विचारा, आजोबांबद्दल त्यांनाही असं काहीतरी आठवत असेल.

चाळीत गेलात तर कुणाच्या दारात उभं राहून फोटो काढू नका, तिथं माणसं राहतात. विचारलं तर बोलतात, चहा पण देतात.

दुपारी इंद्रभुवन बघा. अप्पासाहेब वारदांची कोठी, आता तिथं महापालिका आहे, आणि कोरीव काम बघायला मान वर करून फिरावं लागतं. मग चार हुतात्म्यांचे पुतळे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिली. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांविरुद्ध गाव पेटलं त्यात गिरणी कामगार पण होते, इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला होता. हे मुलाला सांगताना घाई करू नका.

वेळ उरला तर पूर्व भागात जा, साखर पेठ, कन्ना चौक. पद्मशाली विणकरांची वस्ती, गल्लीत तेलुगू ऐकू येईल, आणि यंत्रमागाचा तो खटखट आवाज अजून येतो. चादर घ्यायची तर तिकडंच घ्या, हातात धरून वजन बघून.

प्रश्न: आजोबांचा माळ म्हणजे नान्नजचा का? तिथं माळढोक पक्षी दिसेल का?

उत्तर: सायकलवर जाण्याजोगे माळ तेव्हा गावाच्या चहूकडं होते, आजोबांचा कुठला ते आईच सांगतील. नान्नज बार्शी रोडला, तिथं 1979 पासून माळढोकचं अभयारण्य आहे. पण माळढोकच्या आशेवर मुलाला नेऊ नका, आता तो अगदी दुर्मिळ झालाय. काळवीट मात्र बऱ्यापैकी दिसतात, नशीब असेल तर लांडगा. दिवाळीच्या सुमारास गवत पिवळं पडायला लागतं, कुसळं पायात घुसतात, तेव्हा जाड मोजे आणि बूट घाला आणि सकाळी लवकर निघा. गेटवर वनखात्याची परवानगी विचारूनच आत जा.