शहर मोठं, पाय दोनच

प्रश्न : आम्ही चौघं पहिल्यांदाच टोकियोला चाललो आहोत. शहराच्या टोकाला हॉटेल निम्म्या भाड्यात मिळतंय. घ्यावं का?

उत्तर : भाड्यात चौघांची रोजची जायची-यायची तिकिटं मिळवा आणि प्रवासात जाणारे तास मोजा. मग ते 'निम्मं' किती उरतं बघा. दुपारी पाय बोलायला लागले की खोलीवर येऊन तासभर आडवं होता आलं पाहिजे. ही चैन नव्हे, पुढची अख्खी संध्याकाळ त्यावर अवलंबून असते. हॉटेल लांब असलं की मधे कुणी परत जात नाही आणि सातच्या सुमारास घरातली सगळी एकमेकांवर खेकसायला लागतात.

म्हणून भर चौकातच राहा असं मात्र नाही. टोकियोत यामानोते नावाची गोल फिरणारी रेल्वे आहे. तिची ३० स्थानकं आहेत आणि एक फेरी साधारण तासाभरात पुरी होते. शिंजुकू, शिबुया ही तिची गजबजलेली स्थानकं. ओत्सुका, कोमागोमे ही त्या मानाने निवांत, पण गाडी तीच. अशा स्थानकापासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर खोली शोधा. 'मध्यवर्ती भागापासून इतके किलोमीटर' या आकड्याला मी तरी काडीची किंमत देत नाही. शेवटची गाडी किती वाजता, हे आधी बघा. टोकियोत मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात गाड्या थांबतात. मग टॅक्सी करावी लागते आणि वाचवलेलं भाडं एका फेरीत सव्याज परत जातं.

प्रश्न : पॅरिसला चार दिवस आहेत आणि यादीत २२ ठिकाणं. सगळी कशी बसवायची?

उत्तर : बसवू नका. दिवसाला तिकिटाचं एकच मोठं ठिकाण ठेवा. बाकीचं त्याच भागात चालता चालता दिसेल तेवढं.

पण यादीवर काट मारण्याआधी सुट्टीचे वार बघा. लुव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ओर्से संग्रहालय सोमवारी. मी एकदा नेमका मंगळवारी लुव्रच्या काचेच्या पिरॅमिडपुढे जाऊन उभा राहिलो होतो, तेव्हापासून वार आधी आणि जागा नंतर! ओर्से गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. ज्यांना चित्रं खरंच बघायची आहेत त्यांनी ती वेळ साधावी. रोमलाही जाणार असाल तर व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती उघडतात, तीही फुकट, पण त्या रांगेपेक्षा तिकीट परवडलं.

प्रश्न : विमान पहाटे सहाला उतरतं आणि खोली दुपारी तीनला मिळणार. मधल्या वेळात काय करायचं?

उत्तर : बहुतेक हॉटेलं सामान ठेवून घेतात, फक्त आधी कळवा. भाड्याच्या घरात ती सोय सहसा नसते, तिथे स्थानकावरचे लॉकर शोधावे लागतात. पहिल्या दिवशी संग्रहालयाचं तिकीट काढू नका, चित्रापुढे उभ्या उभ्या डुलक्या येतील. उघड्यावर, उन्हात हिंडा. झोपेचं घड्याळ त्यानेच लवकर रुळावर येतं.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये पाच जणांसाठी अख्खं घर हॉटेलपेक्षा स्वस्त पडतंय. काही धोका?

उत्तर : आहे. तिथे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर मालकाने नोंदणी करावी लागते, स्वतः त्याच घरात राहावं लागतं आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. सप्टेंबर २०२३ पासून याची काटेकोर अंमलबजावणी सुरू आहे. पाच जणांना आठवड्यासाठी अख्खं घर म्हणजे जाहिरातीतच गडबड. ऐनवेळी बुकिंग रद्द झालं तर बॅगा घेऊन रस्त्यावर तुम्ही असाल, मालक नव्हे. शेजारशेजारच्या दोन खोल्या घ्या.

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. लंडन झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण भुयारी रेल्वेचा मोह आवरा. तिथल्या जेमतेम एक तृतीयांश स्थानकांत पायऱ्या न चढता फलाटापर्यंत जाता येतं. कॉव्हेंट गार्डन स्थानकाचा गोल जिना १९३ पायऱ्यांचा आहे. लिफ्टला गर्दी असली की लोक उत्साहाने तिकडे वळतात आणि अर्ध्यावर पस्तावतात. गंमत म्हणजे ते स्थानक शेजारच्या लेस्टर स्क्वेअर स्थानकापासून ३०० मीटरसुद्धा नाही. रेल्वेच्या नकाशात मात्र ती दोन्ही एकमेकांपासून लांब दिसतात, कारण तो नकाशा अंतराच्या प्रमाणात काढलेलाच नाही.

बसने फिरा. तिथल्या बसचा मजला खाली असतो, चढायला रॅम्प असतो. आईला वरच्या मजल्यावर नेऊ नका, खाली बसूनही शहर दिसतं. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी यांच्या कायमच्या दालनांना तिकीट नाही, त्यामुळे पैसे वसूल करायची घाई नसते. एक दालन बघा, बाकावर टेका, तासाभरात बाहेर पडा. वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.