पूर ओसरलेल्या घरात पहिल्यांदा जाताना

चर्चच्या गटाबरोबर पहिल्यांदाच जाताय, तर फावडं उचलण्याआधी दोन गोष्टी. मेन स्विच बंद आहे ना, हे विचारा. पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका. आणि घरच्यांनी नुकसानीचे फोटो काढलेत का? विम्यासाठी, भरपाईसाठी ते लागतात, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट.

गमबूट, जाड रबरी हातमोजे, एन-95 मास्क हवेतच. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) धोका असतो.

चिखल ओला असतानाच काढा, वाळला की निघता निघत नाही. मग साबणाच्या पाण्याने घासायचं आणि त्यानंतरच ब्लीच: 4 लिटर पाण्यात जास्तीत जास्त 1 कप. नवखे हमखास इथेच चुकतात, चिखलावरच ब्लीच ओततात. मातीत त्याचा जोर जातो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. दारंखिडक्या सताड उघडी ठेवा. गाद्या, भिजलेला प्लायवूड आधी बाहेर. 24 ते 48 तासांत बुरशी धरते.

पण घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही फेकू नका. आपल्याला कचरा वाटलेल्या लगद्यात कुणाच्या लग्नाचा अल्बम असतो. चिकटलेले फोटो ओढू नका. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून अलगद सोडवा, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवा. वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा.

प्रार्थना करायची तर आधी विचारा. आणि घरातली आजी बोलू लागली, तर फावडं खाली ठेवून तिच्याजवळ बसा.