जुन्या व्हॅनचा ब्रेक पाइप गंजलाय. नुसता खराब तुकडा बदलून चालेल का?

नाही चालणार. मागच्या चाकापर्यंतची अख्खी लाइन, म्हणजे पूर्ण पाइप, बदला असं मेकॅनिक सांगतोय ते बरोबर आहे.

पण तुम्ही खाली आणखी एक वाक्य लिहिलंय: "ब्रेक आत्ता तर मस्त लागतोय, मग अचानक जाईल कसा?" मी लिहायला बसलो ते या वाक्यामुळे. हेच्या हेच वाक्य आमच्या भाऊजींनी मला फोनवर ऐकवलं होतं, आणि त्यानंतर आंबा घाटात जे झालं त्याचं खापर अजून माझ्याच डोक्यावर फुटतंय.

आमची व्हॅन मासळीची. भाऊजींची निम्मी, माझी निम्मी. गाडी मी चालवायचो, हिशेब ते ठेवायचे. पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर माल भरायचा, हातखंबा, पाली, साखरपा करत घाट चढायचा आणि मलकापूरवरून कोल्हापूर. येताना रिकामे क्रेट, कधी भाजी. आता मासळीच्या गाडीत काय होतं ते बघा. बर्फ वितळतो, ते खारट पाणी पत्र्यावर साचतं, सांध्यांतून आणि बोल्टच्या भोकांतून खाली झिरपतं, आणि खाली नेमका मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेक पाइप. बाहेरून खारी हवा आहेच. गाडी रोज धुतली जायची, नाही असं नाही, पण धुणारा वास जाईपर्यंत आतून पाणी मारतो. गाडीखाली कोण वाकतंय? त्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे भर पावसात गाडी दोन महिने शेडमध्ये उभी, अंगावरच्या मिठासकट. चालती गाडी परवडली.

तो पाइप म्हणजे 4.75 मिलिमीटरची स्टीलची नळी, पॅडल दाबलं की हिच्यातल्या तेलाचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत जातो. तिची भिंत साधारण 0.7 मिलिमीटर, वर गंज लागू नये म्हणून लेप. लेप गेला की नळीला वाली नाही. गंज सगळीकडे सारखा धरत नाही, जिथे पाइप बॉडीला क्लिपने धरलेला असतो तिथे चिखल आणि ओल अडकते आणि तिथेच तो खातो. म्हणून उघड्या भागावर हात फिरवून "पाइप चांगला आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

बंदीच्या आधी सर्व्हिसिंगला गाडी खड्ड्यावर घेतली होती. फिटरने स्क्रू ड्रायव्हरने क्लिपजवळ खरवडलं तर खारी मोडावी तसे पापुद्रे पडले. म्हणाला, "लाइन बदलूया, संध्याकाळपर्यंत देतो." मी भाऊजींना फोन लावला. पलीकडून तुमचंच वाक्य. वर, "या गॅरेजवाल्यांचं ऐकत बसलास तर उद्या टपही बदलायला सांगतील. वरून काळं कोटिंग मारून घे, झालं." पैसे त्यांच्या हातात, त्यामुळे कोटिंग मारलं गेलं. गंजावर कोटिंग मारणं म्हणजे ओल आत कोंडून वरून झाकण लावणं. दिसायला गाडी नवी आणि पुढच्या फिटरलाही काही दिसत नाही. स्पष्ट सांगतो, खालून ताजं काळं केलेली जुनी व्हॅन कोणी विकत असेल तर ते खरवडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

नारळी पौर्णिमा झाली, सीझन सुरू झाला. कोल्हापुरात माल उतरवून परत येत होतो, सोबत आमचा हेल्पर पोरगा. आंबा गाव मागे टाकलं, घाट लागला. भुरभुर पाऊस, धुकं. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये. हे मुद्दाम लिहितोय, कारण याच्यावरच पुढचं सगळं रामायण आहे. एका वळणापुढे एसटी थांबलेली, तिच्यासमोर गुरं. मी ब्रेक दाबला, नेहमीसारखा लागला. वेग अजून कमी व्हावा म्हणून जोरात दाबला आणि पायाखाली थप्प झालं. पॅडल सरळ खाली. पुन्हा मारला, पार तळाला गेल्यावर पुढची चाकं किंचित धरल्यासारखी वाटली, तेवढंच. दुसरा गिअर टाकला, इंजिन किंचाळलं. हँडब्रेक ओढला. हँडब्रेकला तेल लागत नाही, तो केबलने मागच्या ड्रमवर चालतो, म्हणजे पाइप फुटला तरी तो लागायला हवा. पण केबलही त्या दोन महिन्यांत गंजून बसलेली, एकच चाक धरलं आणि गाडी ओढ खायला लागली. एसटी समोर. डावीकडे डोंगर होता म्हणून आज हे लिहितोय. डावी चाकं गटारात घातली आणि पत्रा कातळावर घासत गाडी थांबवली. पोराच्या कपाळाला टेंगूळ, दरवाजा गेला, आरसा गेला. एसटीचा कंडक्टर उतरून आला, त्याने गाडीखाली बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "तेल सगळं रस्त्यावर आलंय."

घरी पोचेपर्यंत भाऊजींचा निकाल लागलेला होता. "घाटात न्यूट्रल मारली असणार. पेट्रोल वाचवायला. ब्रेक तापले आणि गेले." तेव्हापासून गणपतीत, हळदीत, बारशात हा किस्सा मीठमसाला लावून सांगितला जातो आणि चार माणसं माझ्याकडे बघून हसतात.

तर तुमच्या निमित्ताने एकदा नीट सांगतो. ब्रेक तापून जाणं वेगळं आणि पाइप फुटणं वेगळं. तापतात तेव्हा आधी कल्पना येते. लायनर तापले तर पॅडल कडकच राहतं पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो. ब्रेक ऑइल उकळलं तर पॅडल स्पंजासारखं होत खाली जातं. हे तेल हवेतली ओल पितं. डॉट 3 हा ब्रेक ऑइलचा नेहमीचा प्रकार, तो कोरा असताना कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, पाणी शोषल्यावर तीच मर्यादा 140 वर येते. पण दोन्ही प्रकारांत गाडी अर्धा तास उभी केली की ब्रेक परत येतो आणि तेल डब्यात असतं तेवढंच राहतं. आमचं तेल रस्त्यावर होतं, भाऊजी! न्यूट्रलमध्ये उतरल्याने डब्यातलं तेल रस्त्यावर येत नाही.

आणि अचानक का, तर त्याचंही कारण आहे. रोजच्या वापरात आपण ब्रेकला नुसता पाय लावतो, पाइपमधला दाब बेताचा असतो. घाबरून सगळा जोर काढून दाबतो तेव्हा तो शंभर बारच्या आसपास जातो. टायरमध्ये हवा असते दोन बारच्या जवळपास, म्हणजे अंदाज करा. अर्धामुर्धा खाल्लेला पाइप रोजचा हलका दाब महिनोन्‌महिने सहन करतो आणि फुटतो तो ज्या दिवशी खरोखर गरज असते त्याच दिवशी. "आत्ता मस्त लागतोय" याचा अर्थ एवढाच की आत्तापर्यंत जोरात दाबायची वेळ आली नाही. पासिंगचंही तेच. ब्रेक पासिंगला लागला म्हणजे पाइपची भिंत शाबूत आहे असं होत नाही.

आता कोणीतरी खाली विचारणारच की मास्टर सिलिंडरला (पॅडल दाबलं की तेलावर दाब देतो तो) दोन भाग असतात, एक लाइन गेली तरी दुसरी चालते, मग पुढचे ब्रेक कुठे गेले? चालते, पुस्तकात. एक लाइन रिकामी झाली की पॅडल नेहमीपेक्षा खूप खोल जातं आणि आतला पिस्टन सिलिंडरच्या अशा भागात शिरतो जिथे तो वर्षानुवर्षं गेलेला नसतो. तिथे गाळ आणि गंज बसलेला असतो, म्हातारं रबर त्याच्यावर घासून फाटतं. आमचा सिलिंडर उघडला तेव्हा रबराच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. म्हणून पाइप बदलताना मास्टर सिलिंडरचं किटही बघून घ्या, आणि हँडब्रेकची केबल तर घ्याच.

गंमत पुढे आहे. भाऊजींचा थोरला, म्हणजे आमचा भाचा, अमेरिकेत मिशिगनला असतो. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठच टाकतात. तो सुट्टीत आला होता तेव्हा मी त्याला तो फुटका पाइप दाखवला. (ठेवलाय, का नाही ठेवणार?) त्याने बापासमोर सांगितलं की तिकडे हा प्रकार पोराटोरांना माहीत आहे. जनरल मोटर्सच्या 1999 ते 2003 च्या पिकअप आणि मोठ्या गाड्यांच्या ब्रेक पाइपच्या गंजाची तिथल्या सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याने 2010 पासून चौकशी केली, सुमारे 50 लाख गाड्या त्या चौकशीत होत्या. 2015 मध्ये फाइल बंद केली. हा कारखान्यातला दोष नाही, मिठाच्या मुलखात जुन्या गाड्यांचं असंच होतं, असा निष्कर्ष. रिकॉल नाही, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावल्या नाहीत. लोकांना सल्ला काय दिला, तर गाडी खालून धुवा, पाइप तपासून घ्या आणि पापुद्रे दिसले तर लाइनचा पूर्ण संच बदला. तुकडा नव्हे. भाऊजी म्हणाले, "ते अमेरिकेचं." मिरकरवाड्याचं मीठ बहुतेक गोडं असावं.

तुकड्याचं राहिलंच. आज जिथून गळतंय तेवढाच तुकडा बदलला तर शेजारच्या क्लिपखालचा पाइप त्याच वयाचा आणि त्याच मिठाचा आहे, पुढचा दाब तिथे जाणार. वर दोन जोड वाढतात. फ्रिजला वापरतात तो साधा तांब्याचा पाइप लावून देणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडा. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. तांबं आणि निकेल मिसळलेला पाइप मिळाला तर उत्तम, तो गंजत नाही, व्होल्वोने 1976 मध्येच तो वापरायला सुरुवात केली. नाही मिळाला तर कंपनीचा स्टीलचा घ्या. टोकं दुहेरी फ्लेअर करूनच, म्हणजे कडा पसरवून दुमडूनच, बसवायची, आणि रबरी होजना तडे दिसले तर तेही त्याच वेळी.

हे सगळं एका मासळीवाल्या ड्रायव्हरचं ज्ञान आहे, मी फिटर नाही. तुमची गाडी देशावर कोरड्या हवेत फिरत असेल आणि गंज नुसता वरवर तांबूस असेल तर एवढी घाई नसेलही. एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक लाइनमधली एअर काढायची पद्धत वेगळी असू शकते, ते गॅरेजला विचारा. आणि गाडी भागीत असेल तर ब्रेकच्या खर्चाला दुसऱ्याची परवानगी मागायची नाही, असं पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. आम्हाला अख्खी लाइन पडली असती मासळीच्या एका फेरीच्या पैशांत. दरवाजा, आरसा आणि पत्र्याचं बिल कितीला पडलं ते भाऊजींच्याच वहीत लिहिलेलं आहे, त्यांनी उघडून बघावं.

मेकॅनिक फसवतोय का, हे शोधायचं असेल तर काम सांगताना जुना पाइप परत द्यायला सांगा. हातात आला की क्लिपच्या जागी वाकवून बघा. परत द्यायला कां-कूं करत असेल तर मात्र दुसरं गॅरेज गाठा, पण तिथेपर्यंत गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.