पेन त्यांच्याच हातात राहू दे
सोलापुरात दहावीच्या मुलांचा गृहपाठ घ्यायला बसणार आहेस, तर रासायनिक समीकरण संतुलित करताना, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करताना, एवढं घट्ट धर: रेणुसूत्राला (पाण्याचं H₂O, तसं) हात लावायचा नाही, फक्त त्याच्या आधीचा अंक बदलायचा. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी करताना उजवीकडे ऑक्सिजन कमी पडला, की मुलं पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनखाली २ घालतात. नुसतं खोडू नकोस. सांग, हे आता पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं; सुती कापड पांढरं करायला वापरतात ते. यंत्रमागाच्या गावातल्या मुलांना हे चटकन पटतं. मग दोन्ही बाजूंचे अणू त्यांनाच मोजू दे. प्रोपेन (C₃H₈) या वायूच्या ज्वलनाचं समीकरण असेल, तर आधी कार्बनचे अणू जुळवायचे, मग हायड्रोजनचे, ऑक्सिजनचे शेवटी. प्रोपेन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, पाणी यांच्या आधीचे अंक अनुक्रमे येतात १, ५, ३, ४. भौतिक अवस्था (घन, द्रव, वायू) नंतर लिहिल्या तरी चालतं.