व्हार्टन की हास? आधी जुना आकडा बदलून घ्या

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या (‘पेन’च्या) व्हार्टन आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली या सरकारी विद्यापीठाच्या हास, या दोन्ही बिझनेस स्कूलांमध्ये प्रवेश मिळालाय. तुम्ही कॅलिफोर्नियाचे रहिवासी, त्यामुळे हासचा चार वर्षांचा खर्च दोन लाख डॉलरच्या आसपास. व्हार्टनचा पावणेचार लाखांच्या घरात. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचत खात्यात, १ लाख ६० हजार जमलेत. २०२४ मध्ये घरात २ लाख ६० हजार आले, पुढच्या वर्षी यजमानांची नोकरी गेली, आणि आता नव्या नोकरीसकट १ लाख ९० हजारच येतात. पेनने आर्थिक मदत नाकारली. म्हणून तुम्ही विचारताय, यजमानांचं जुन्या कंपनीतलं ४०१(के), म्हणजे निवृत्तीचं खातं, मोडून व्हार्टनची फी भरावी का?

नको. ते पैसे आयआरएत (स्वतःच्या नावावरच्या निवृत्ती खात्यात) वळवून शिक्षणासाठी काढले तर १० टक्के दंड लागत नाही, असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. खरंही आहे ते. पण आयकर चुकत नाही, आणि काढलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. मदत दोन वर्षं आधीच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे २०२६ चं उत्पन्न मुलाच्या तिसऱ्या वर्षाची मदत ठरवताना बघतील. म्हणजे म्हातारपणाचे पैसेही जायचे आणि मदतीचं दारही आपल्याच हाताने लावून घ्यायचं.

तुमच्या पत्रातली खरी मेख वेगळीच आहे. २०२६-२७ च्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मदतीसाठी विद्यापीठं २०२४ चं आयकर विवरणपत्र बघतात. म्हणजे पेनने जो नकार दिला तो आज अस्तित्वातच नसलेल्या पगाराला! पेनसारखी आयव्ही विद्यापीठं (अमेरिकेतली आठ नामांकित खाजगी विद्यापीठं) गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत, फक्त गरजेवर देतात, त्यामुळे हा एक आकडा सगळं ठरवतो. पेनने २०२५-२६ पासून २ लाखांपर्यंत उत्पन्न आणि त्याला साजेशी मालमत्ता असलेल्या कुटुंबांना पूर्ण शिकवणी शुल्काइतकी मदत द्यायचं जाहीर केलंय. राहत्या घराची किंमतही त्यात धरत नाहीत. नोकरी गेल्याचं पत्र, नव्या पगाराच्या स्लिपा आणि २०२५ चं विवरणपत्र जोडून फेरविचाराचा अर्ज याच आठवड्यात करा. तो मान्य झाला तर व्हार्टन तुम्हाला हासपेक्षा स्वस्त पडू शकतं. मात्र मदत दरवर्षी नव्याने ठरते. यजमानांचा पगार पुन्हा चढला की ती उतरेल, तेव्हा ५२९ पहिल्याच वर्षी रिकामं करू नका.

आणि नकार कायम राहिला तर? व्हार्टनसाठी सुमारे २ लाख १५ हजारांची तूट उरते. मुलाच्या नावावर सरकारी कर्ज चार वर्षांत २७ हजार. पालकांना मिळणाऱ्या सरकारी ‘प्लस’ कर्जाला १ जुलै २०२६ पासून एका मुलामागे ६५ हजारांची मर्यादा आली आहे, आणि २०२५-२६ मध्ये त्याचा व्याजदर ८.९४ टक्के होता. दोन्ही पुरती घेतली तरी सुमारे सव्वा लाखाचं खाजगी कर्ज काढावं लागेल. हाससाठी तूट ४० हजारांची, म्हणजे चार वर्षं महिन्याला आठ-नऊशे डॉलर.

आता नावाची किंमत. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये नेमकी हीच तुलना केली: एका बाजूला आयव्ही आणि त्यांच्या तोडीची विद्यापीठं, दुसऱ्या बाजूला राज्यांची अग्रगण्य सरकारी विद्यापीठं. सरासरी कमाईत फारसा फरक पडला नाही. पण कमाईत अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता बरीच वाढली, आणि नामांकित कंपन्यांत काम मिळण्याची तिप्पट झाली. म्हणजे जास्तीचे पावणेदोन लाख देऊन तुम्ही वरच्या टोकाला पोचण्याची संधी विकत घेताय. त्यात बर्कली हे सरासरी सरकारी विद्यापीठ नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत ही तफावत कमीच असेल असं मला वाटतं.

मुलाला विचारा, वॉल स्ट्रीटवर इन्व्हेस्टमेंट बँकिंग करायचंय का? तसं असेल तर व्हार्टनचं पारडं जड होतं. ‘अर्थशास्त्र आवडतं’ म्हणत असेल, तर एक गंमत सांगतो: व्हार्टनच्या पदवीवर ‘अर्थशास्त्र’ छापलेलं असतं, पण शिक्षण मुख्यतः व्यवसायाचं. पेनमध्ये अर्थशास्त्राचा विभाग व्हार्टनबाहेर आहे. पुढे एमबीए करायचं त्याच्या डोक्यात असेल, तर मी आत्ता हास घेऊन कर्जाची ताकद तेव्हासाठी राखून ठेवेन.

उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं. फेरविचाराचा निकाल त्याआधी येईल असं दिसत नसेल तर पेनकडे मुदतवाढ मागा, आणि ती मिळाली नाही तर हासची जागा पक्की करा. अर्जाचा मसुदा झाला की मला पाठवा, पाठवण्याआधी एकदा नजरेखालून घालतो.