भूकबळी, उपासमार आणि उपाशी मारणे

दारव्हा तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, गाझाविषयीच्या बातम्यांत कधी ‘भूकबळी’, कधी ‘उपासमार’, तर कधी हिंदी वळणाचा ‘भूकमरी’ हा शब्द येतो. विद्यार्थ्याच्या भाषणात युद्धगुन्ह्यासाठी यांपैकी कोणता वापरावा?

‘भूकबळी’ मी आधी बाजूला ठेवीन. तो शब्द माणूस दगावल्यावरच लागू पडतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या १९९८ च्या रोम संविधीत, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या करारात, मात्र मृत्यूची अट नाही. जगण्याला अत्यावश्यक असलेल्या वस्तूंपासून नागरिकांना वंचित ठेवणे, त्यात मदतसामग्री जाणूनबुजून अडवणेही आले, आणि हे सारे उपासमारीला युद्धतंत्र म्हणून वापरण्याच्या हेतूने करणे, हा त्या गुन्ह्याचा गाभा आहे. शिवाय १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त जिनिव्हा प्रोटोकॉलात, म्हणजे युद्धाच्या नियमांच्या पूरक करारात, अशा वस्तू सांगताना धान्यासोबत पिके, शेतजमीन, गुरे, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि सिंचनाची कामेही मोजली आहेत. ‘भूकमरी’चीही अडचण तीच, शिवाय मराठी शब्द हाताशी असताना ती कशाला?

‘उपासमार’ चालेल, पण क्रियापद जपून निवडावे. ‘उपासमार झाली’ म्हटले की कापूस-सोयाबीन बुडालेल्या वर्षाची, म्हणजे कर्ता नसलेल्या आपत्तीची आठवण येते. ‘उपासमार केली’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आलाच. आपल्या वऱ्हाडीत ‘ढोरं उपाशी मारू नको’ असे गुराख्याला बजावतात, तेव्हा ढोर मेलेले नसते, पण जबाबदार कोण ते ठरलेले असते. कायद्याच्या इतका जवळचा प्रयोग मला प्रमाण मराठीत सापडत नाही.

‘रसद तोडणे’ हा पर्याय घेऊ नये. शत्रुसैन्याची रसद तोडणे आजही निषिद्ध नाही. निषेध आहे तो नागरिकांना उपाशी ठेवण्याचा. पानिपतावर १७६१ मध्ये छावणीतील सैनिकांसोबत बुणगे (छावणीसोबतचे न लढणारे लोक) आणि यात्रेकरूही उपाशी राहिले, तो भेद आजच्या कायद्याला महत्त्वाचा वाटेल.

म्हणून भाषणात ‘युद्धतंत्र म्हणून नागरिकांची उपासमार करणे’ असे लिहावे. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी याच गुन्ह्याचाही उल्लेख करून इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्याविरुद्ध या न्यायालयाचे अटक वॉरंट निघाले. मात्र वॉरंट म्हणजे दोषसिद्धी नव्हे, त्यामुळे तेथे ‘आरोप’ हा शब्द गाळू नये.